आप्पांच्या खुळखुळ्याचा पिवळा रंग

मामा, परवा माझ्या नणंदबाई, मुदखेडच्या ताई, येऊन गेल्या, आणि आप्पांचा खुळखुळा माझ्या ओवीच्या हातात द्यायचा की नाही हे एकदाचं ठरलं. काय ठरलं ते सांगते. पण मधे तोडायचं नाही. जिवंत होतात तेव्हा माझं अर्धं ऐकून 'बरं बरं, च्या टाक' म्हणत उठून जायचात. आता बसा. सुनेचं बोलणं सासऱ्यानं पुरतं ऐकावं म्हणून सासऱ्याला मरावं लागलं, याचं मला हसू येतं आणि लगेच रडूही येतं.

मागच्या शेडात आज पहिल्यांदा गेले. तेरावं झाल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. लाकूड कातायचा तुमचा खराद आहे तसाच आहे. त्याच्यावर अर्धवट काही नाही, हातातलं उरकल्याशिवाय तुम्ही उठतच नव्हता. खाली कुड्याच्या लाकडाचा पांढरा भुसा पडलाय, पटाश्या ओळीनं लावलेल्या आहेत, मांडीवर टाकायचं फडकं खिळ्याला आहे. आत्या म्हणाल्या, सूनबाई, झाडून तरी घे गं. मी काही हलवलं नाही. तुमच्या पाटावर थोडा वेळ बसले. पाट इतका बुटका की उठताना माझे गुडघे बोलले. तुम्ही या वयात दिवसभर कसे बसत होतात, देव जाणे.

उदगीरात तुम्हाला नावानं हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळ्यांना तुम्ही खरादी. लाटणी, ताकाच्या रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब आणि लेकरांचे खुळखुळे. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेडात चहा घेऊन गेले, तर तुम्ही एक नवाकोरा खुळखुळा तोंडात धरून गप बसलेले. डोळे मिटलेले. मी कप ठेवला आणि उलट्या पावली आले. म्हटलं, बाई गं, सासरा येडा निघाला. ह्यांना विचारलं तर हे हसत सुटले. "चव घेऊन राहिले ते. प्रत्येक खुळखुळ्याची घेतात."

मग तुम्हीच मला सांगितलंत. "लेकराच्या तोंडात जायचं हाय ते. आधी माझ्या तोंडात जाईल. चव लागली तर परत खरादावर. जिभेला चुरचुरलं तर चुलीत." आणि खरंच चुलीत घालायचात. दिवसभराची मेहनत चुलीत जळताना बघून आत्या कपाळावर हात मारून घ्यायच्या.

पण मीही काही आकाशातून पडले नव्हते. नांदेडात माझ्या बापाचं रंगाचं दुकान. बारावी झाल्यापासून लग्न ठरेपर्यंत काउंटरला मीच असायची. थिनर, वॉर्निश, पॉलिश, सगळ्या डब्यांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचून वाचून माझे डोळे बिघडले. तुम्ही मला दुकानदारीन म्हणायचात. पहिल्यांदा चिडवायला म्हणालात, नंतर तेच नाव पडलं. ओवी झाल्यावर तिला 'धाकटी दुकानदारीन' म्हणायला लागलात.

आठवतंय, तुम्ही एकदा लाटण्यांना लावायला जवसाच्या तेलाचा डबा आणला होता? डब्यावर जवसाच्या निळ्या फुलांचं चित्र. तुम्ही बोट बुडवून चाटलंत आणि म्हणालात, "जवसच हाय." मी डबा फिरवला. मागं लिहिलेलं, तेल लवकर सुकावं म्हणून त्यात धातूचं औषध घातलंय, पोटात जाऊ देऊ नये. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही डब्याकडं असं बघितलंत, जशी काय त्यानं तुमच्या घरी जेवून तुमचीच चोरी केली. मला म्हणालात, "मंग मला चव का आली न्हाई?" मी म्हटलं, "मामा, विषाला चव असतेच असं कुणी सांगितलं?" दुसऱ्या दिवशी घाण्यावर जाऊन तुम्ही साधं तेल आणलंत आणि लाटणी उन्हात ठेवलीत. ती सुकायला इतके दिवस लागले की गिऱ्हाईकं परत परत येऊन गेली. तुम्ही त्यांना सबर करायला सांगत होतात आणि आत्या आतून पुटपुटत होत्या.

त्या दिवसापासून कुठलाही डबा, कुठलीही बाटली घरात आली की तुम्ही ती आधी माझ्याकडं सरकवायचात. म्हणायचात, "वाच." बस, एवढंच. मी वाचायची, तुम्ही ऐकायचात, आणि वाचून झालं तरी शेवटी बोट बुडवून चाटायचातच. मी ओरडायची. तुम्ही हसायचात. या घरात मला कुणी सगळ्यात जास्त मान दिला असेल तर तो तुमच्या त्या 'वाच'नं दिला, मामा. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. सुना असलं बोलत नाहीत.

लाखेचं काम तुम्ही मला शिकवलंत. लाख वितळवायची, तिच्यात रंग कालवायचा, कांड्या वळायच्या. फिरत्या लाकडावर कांडी टेकवली की घासून घासून ती तापते आणि लाख लाकडाला धरते. मग वर केवड्याचं वाळलं पान दाबून धरायचं, की चकाकी येते. कांडी तुमच्या हातात, पान माझ्या हातात. पान जास्त दाबलं की तुम्ही "आं आं" करायचात, कमी दाबलं की "हूं" करायचात, आणि आपलं अख्खं काम त्या आं आं आणि हूंवर चालायचं. रंग हळदीचा आणि काताचा. हळदीचा पिवळा उन्हात उडतो. गिऱ्हाईक बायका नाक मुरडायच्या, रंग फिका आहे म्हणायच्या. तुम्ही म्हणायचात, "उडू द्या की. पोटात गेला तर कढीत गेल्यावानी गेला."

आणि लाकडाचं तर विचारायलाच नको. एका पाहुण्यानं अंगणातली कण्हेर तोडून सरळसोट काड्यांचा भारा मोठ्या प्रेमानं आणून दिला होता. खुळखुळ्याच्या दांड्या करा म्हणाला. तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही आधी. "शेरडं तोंड लावत न्हाईत त्याला, अन् मी लेकराला देऊ?" बिचारा भारा घेऊन परत गेला, आणि आत्यांना त्याच्या घरी जाऊन समजूत काढावी लागली. शिक्का मारलेल्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळायच्या, त्याही तुम्ही घेतल्या नाहीत. कुठल्या दवाईत बुडवल्यात कुणाला ठाव, म्हणायचात. कडुलिंबाचा चमचा कुणी मागितला तर सांगायचात, आयुष्यभर आमटी कडू लागंल. असे होतात तुम्ही. म्हणून तर त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मला आजतागायत पटलं नाही. त्याचाच राग आहे माझा. तुम्ही जाऊनही तो गेला नाही.

मधे एक सांगून घेते, नाहीतर राहील. ओवी लई उशिरा झाली. त्याआधीची वर्षं मला कुणी सुखानं जगू दिली नाहीत. लग्नकार्यात गेले की बायका माझ्या ओटीकडं बघायच्या. एकदा तुमच्या चुलतभावानं भर पंगतीत तुम्हाला विचारलं, "खरादी, गावाला पाळणे करतोस, तुझ्या घरचा कवा हालणार?" मी वाढत होते. माझा हात थांबला. तुम्ही घास खाली न ठेवता म्हणालात, "आमच्यात एक दुकानदारीन हाय. तिलाच अजून सांभाळून राहिलो. गप जेव." पंगत हसली आणि विषय संपला. रात्री मी पदर तोंडात कोंबून रडले, पण ते रडणं वेगळं होतं. नंतर ओवी झाली तेव्हा तुम्ही दवाखान्यात तिला हातात घ्यायला धजला नाहीत. "माझे हात खरबरीत हायत," म्हणालात आणि लांबूनच बघत राहिलात. घरी आल्यावर मात्र पंधरवड्यात घरभर खुळखुळे झाले. पांढऱ्या कुड्याचे, बिनरंगाचे, नुसत्या लाखेचे. प्रत्येकाची तुम्ही चव घेतली होती.

आणि मग तिला पहिला दात आला. मी तिला पेज भरवत होते आणि चमचा टक्क वाजला. आत्या हरखून गेल्या. या घराची रीत मला ऐकून माहीत होती: पहिला दात दिसला की तुमच्या वडलांनी, आप्पांनी, केलेला खुळखुळा लेकराच्या हातात द्यायचा आणि लेकरानं तो चावायचा. म्हणजे दात बळकट येतात. तुम्ही भिंतीतल्या देवळीतून फडक्यात गुंडाळलेला तो खुळखुळा काढलात, फडक्यानं पुसलात. पिवळाधमक, वर तांबडी वलयं. इतक्या वर्षांनीही पिवळा कालच दिल्यासारखा. आपला हळदीचा पिवळा महिन्यात उडतो, आणि हा उडत कसा नाही? मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"मामा, हा पिवळा कशाचा?"

"हरताळाचा. दगडी. आप्पा हैद्राबादेहून मागवायचे."

"आणि तांबडा?"

"शेंदूर."

मी ओवीला उचलून कडेवर घेतलं. बापाच्या दुकानात शेंदराचं पोतं वेगळ्या कोपऱ्यात असायचं. लोक लोखंडी गेटला गंज धरू नये म्हणून तेलात कालवून लावायचे. पोत्याला हात लागला की बाप मला साबणानं हात धुवायला लावायचा, शिसं असतं म्हणून. आणि हरताळात सोमल, ते तर जालीम विष. हे मी तुम्हाला सांगितलं. शांतपणे सांगितलं, शपथ घेऊन सांगते. पहिल्यांदा शांतपणेच.

तुम्ही म्हणालात, "लाखेत बांधलाय रंग. सुटत न्हाई."

"दात लागला की पापुद्रा निघतो. हे बघा, इथं निघालाय." त्याच्या डोक्यावर बारीक बारीक वण होते. लेकराच्या दातांचे.

"ते माझेच दात हायत," तुम्ही म्हणालात, आणि तो खुळखुळा तुम्ही तोंडात घातलात. माझ्यासमोर. काढून म्हणालात, "मी मेलो का?"

मामा, आज या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते उत्तर मी देणार नाही. तुम्ही छातीत कळ येऊन गेलात, म्हाताऱ्या माणसाला येते तशी. खुळखुळ्याचा आणि तिचा काही संबंध नाही. पण तुमचा तो आवाज मला भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ऐकू येतो. तेव्हा मला इतका संताप आला होता तुमचा! कण्हेरीच्या काडीसाठी पाहुण्याला हाकलणारा माणूस माझ्या लेकराच्या तोंडात सोमल द्यायला निघाला होता. कारण काय, तर आप्पांनी केलंय.

मग मी तुमचीच गोष्ट तुमच्यावर उलटवली. तुम्हीच कधीतरी हसत सांगितलं होतं की आप्पांचा हरताळ घोटायचा खल घराबाहेर असायचा. तुमची आई, जिला तुम्ही अव्वा म्हणायचात, त्या खलाला कुणाला शिवू द्यायची नाही. आप्पा घोटून आले की विहिरीवर आंघोळ करूनच घरात यायचे. मी म्हटलं, "मग अव्वा खलाला शिवू का देत नव्हत्या, मामा? माहीत होतं म्हणूनच ना?"

तुमचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही ओरडलातही, "म्हंजे माझा बाप लेकराला इख देत व्हता, असं म्हन की सरळ!" पण ओरडून झाल्यावर तुम्ही खाली बसलात, आणि अगदी हळू, माझ्याशी नाही, त्या खुळखुळ्याशी बोलल्यागत म्हणालात, "माझ्या पाठची दोघं दातं यायच्या वक्तालाच गेली. एक बहीन, एक भाऊ. तापानं गेली म्हनत्यात."

म्हनत्यात.

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. आत्यांनाही एवढंच ठाऊक होतं की तुम्हाला भावंडं नव्हती. मी ओवीला घट्ट धरून उभी राहिले आणि मला एक शब्द सुचला नाही. मला, जिचं तोंड बंद होत नाही असं तुम्हीच गावभर सांगायचात. तुम्ही खुळखुळा फडक्यात गुंडाळलात, देवळीत ठेवलात आणि शेडात गेलात. त्या दिवशी खरादाची मोटर चालू झाली नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. बोललात ते ओवीमार्फत. "धाकटे दुकानदारीन, तुझ्या मायला सांग, केवड्याची पानं सरली." मी पण ओवीलाच म्हणायची, "आज्याला सांग, आणायला सांगितलीत." ह्यांना गंमत वाटत होती. दिवसभर अडतीवर पोती मोजून आलेला माणूस, म्हणाले, "तुम्ही दोघं शाळेतल्या लेकरावानी करून राहिलात." मलाही वाटत होतं, आठवडाभरात निवळेल. याआधीही आपण अबोला धरलाच होता की, वॉर्निशवरून, चिंचेच्या लाकडावरून. दरवेळी तुम्ही एखादी बाटली माझ्यापुढं सरकवून 'वाच' म्हणायचात आणि अबोला सुटायचा. मी बाटलीची वाट बघत होते.

आणि तुम्ही त्या दुपारी जेवून खाटेवर टेकलात ते टेकलात. गाडी आली, लातूरच्या रस्त्याला लागली, आणि ह्यांनी अर्ध्या वाटेवरून फोन केला की परत येऊन राहिलो. मी विचारलं, "का?" त्यांना सांगता येईना. मी परत विचारलं, "अहो, का?" इतकी कशी बथ्थड मी.

तेराव्यानंतर घरात एकच विषय. तुमची शेवटची इच्छा. आत्या म्हणायच्या, "देवळीतून काढला व्हता त्यांनी. द्यायचाच व्हता त्यांना. तू आडवी आलीस. आता तरी दे." त्या रागावून म्हणत नव्हत्या, रडत म्हणत होत्या, आणि तेच जास्त जड जात होतं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "मी काय सांगू, तू अन् आई बघा." पुरुष असल्या वेळी बरोबर अडतीवर जातात. ताईंचा मुदखेडहून रोज फोन. शेवटी त्यांनी सांगितलं, रविवारी येते, माझ्या हातानं देते.

मी ठरवलं होतं, मामा. काय वाटेल ते होऊ दे, घरात तमाशा होऊ दे, मी देणार नाही. बापाच्या मढ्यावरची फुलं सुकली नाहीत तोवर सून उलटली, असं म्हणतील तर म्हणू देत. ओवीला मी देवाकडं मागून मागून आणलंय. तिच्या तोंडात काय जाणार ते मी ठरवणार. आदल्या दिवसापासून मनातल्या मनात ताईंशी भांडून भांडून माझा घसा कोरडा पडला होता.

रविवारी ताई आल्या. जेवणं झाली. मग आत्यांनी चटई अंथरली, ओवीला मांडीवर घेतलं, आणि ताईंनी फडकं सोडलं. मी म्हटलं, "ताई, थांबा." ताईंचं तोंड लगेच लाल झालं. "बोल. काय बोलायचं ते बोल. आमच्या बापानं आम्हाला दिला, आम्ही जगलोच ना? ह्यो तुझा नवरा जगलाच ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या ताईंना म्हणाल्या, "अगं तसा नको धरूस. तुला ठाव न्हाई. इकडं आन." आणि त्यांनी खुळखुळा स्वतःच्या हातात घेतला. दांडी नाही धरली. डोकं धरलं, अख्खं मुठीत. मूठ गच्च आवळली, कुठं पिवळा दिसू दिला नाही. फक्त अंगठा तेवढा पुढं काढला.

"असं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तुमच्या दोघांच्या बारीला असंच धरलं व्हतं. मी म्हनलं, अहो, लेकराला लाकूड तर लागू द्या. तर माझ्यावर डोळे वटारले. तुम्ही दोघं ह्यांचा अंगठा चावलात. मंग लगेच फडक्यात बांधून देवळीत." आणि त्या हसल्या. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा हसल्या. "लई जीव व्हता लेकरांवर. लाकूड टोचंल म्हनून."

ताई आईकडं बघत राहिल्या. हे पण. कुणाला काही कळलं नाही, मामा. लाडानं केलं असेल, एवढंच सगळ्यांना वाटलं. आत्यांना आजही तेच वाटतं, आणि मी त्यांना काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी या घरात यायच्या कितीतरी आधीपासून, डबा-बाटली वाचणारी कुणी नव्हती तेव्हापासून. प्रत्येक खुळखुळा तोंडात धरून डोळे मिटून तुम्ही काय शोधत होतात, ते मला परवा कळलं. आणि पहिल्या लेकराच्या वेळी, दुसऱ्या लेकराच्या वेळी, सगळ्या भावकीसमोर आप्पांचं नाव राखायचं म्हणून तुम्ही रीत केलीत आणि तरी रंग तोंडाला लागू दिला नाहीत. ओवीच्या वेळीही तुम्ही तसंच धरणार होतात. माझी खात्री आहे. मग माझ्याशी का भांडलात हो? एकदा माझ्या कानात सांगितलं असतंत, 'दुकानदारीन, मी मूठ आवळून धरतो,' तर मी जन्मात कुणाला बोलले नसते. मला सांगायचं, मामा. दुसऱ्या कुणाला नाही तर मला सांगायचं होतं.

मी फक्त एवढंच म्हटलं, "आत्या, मूठ सोडू नका." आत्या म्हणाल्या, "न्हाई सोडत गं." ओवीनं त्यांचा अंगठा धरला आणि कडकडून चावला. आत्या "अगं माय!" करून ओरडल्या, ताई हसता हसता रडायला लागल्या. मग फडकं बांधलं. देवळीत नाही ठेवला आता, वरच्या कपाटात काचेमागं ठेवलाय, ओवीचा हात पोचणार नाही तिथं. आप्पांचा खुळखुळा आहे, मानानंच ठेवलाय. आत्यांचे हात मी साबणानं धुतले, ओवीचे धुतले. आत्यांनी विचारलं नाही का धुतेस ते. तर असं ठरलं.

आता तुमचं ते राहिलेलं. त्या दिवशी तुम्ही खाली बसून जे बोललात, त्याच्यावर मी काही बोलले नाही, आणि तुम्ही उठून गेलात. या घरातून तुम्ही ते तसंच घेऊन गेलात, हे माझ्यानं सहन होत नाही.

त्या काळी घरोघर लेकरं जायची, मामा. गोवरानं, हगवणीनं, तापानं. दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता. ज्या घरात कधी खुळखुळा आला नाही त्या घरातलीही गेली. तुम्ही तोच खुळखुळा चावून म्हातारे झालात. माझ्याकडं याचा काही पुरावा नाही, आणि पाठीवर लिहिलेलं नसेल ते मी कधी मानत नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तरी मी म्हणते. तुमची बहीण आणि तुमचा भाऊ तापानंच गेले. आप्पांच्या हातून काही झालेलं नाही. दुकानदारीन सांगतेय, ऐका. बिनघोर झोपा आता.